पार्किन्सन्समधलं डिप्रेशन घरी कसं ओळखायचं, आणि सेरोटोनिनच्या रिपोर्टचं काय करायचं

मागच्या दोनतीन वर्षांत मला ओळखीच्या लोकांकडून एकाच प्रकारचे फोटो यायला लागलेत. लॅबच्या रिपोर्टचा फोटो, त्यात सेरोटोनिन नाहीतर डोपामिनपुढे एक आकडा, शेजारी ठळक अक्षरात "लो", आणि खाली मेसेज की ताई, बाबांना पार्किन्सन्स आहे, हल्ली फार गप्प असतात, हा आकडा कमी आलाय म्हणजे डिप्रेशनच ना? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं काम केलंय, रक्त काढण्यापासून सॅम्पल मशीनला लावण्यापर्यंत सगळं, आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते.

आधीच सांगते, त्या आकड्यावरून डिप्रेशन आहे की नाही हे ठरत नाही. कमी आला तरी नाही आणि नॉर्मल आला तरी नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट, आकडा नॉर्मल आला की घरचे निश्चिंत होतात आणि माणूस आतल्या आत खचत राहतो.

तो आकडा नक्की कशाचा असतो

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमधून. डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही त्यातली आपल्या कामाची तीन नावं. पार्किन्सन्स म्हटलं की सगळे डोपामिनचंच बोलतात, ते बरोबरही आहे, मेंदूच्या देठात सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणून एक काळपट पट्टा असतो, तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि मग हात थरथरणं, हालचाल मंदावणं, अंग ताठणं सुरू होतं. पण आजार तेवढ्यावर थांबत नाही. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी त्याच देठात राफे न्यूक्लिआय नावाच्या भागात असतात, नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या लोकस सेरुलिअसमध्ये, आणि त्यासुद्धा झिजतात. जर्मनीतल्या हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की बऱ्याच जणांत ही झीज देठाच्या खालच्या बाजूने सुरू होऊन वर चढत जाते, म्हणजे मूडशी संबंध असलेले हे भाग नायग्राच्याही आधी सापडतात. म्हणूनच कित्येक पेशंटना थरथर सुरू व्हायच्या काही वर्षं आधीच उदासी किंवा काळजीचा त्रास होऊन गेलेला असतो. अण्णा रिटायर झाल्यावर दीडेक वर्ष असेच कोपऱ्यात बसलेले असायचे आणि आम्ही म्हणायचो नोकरी सुटली ना म्हणून. हात थरथरायला लागला तो नंतर.

सांगायचा मुद्दा, हे डिप्रेशन म्हणजे निव्वळ "एवढा आजार झालाय, वाईट वाटणारच" असं नसतं. तेही असतं, पण त्याच्याखाली मेंदूतला बदल असतो. २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात पार्किन्सन्सच्या साधारण ३५ टक्के लोकांत लक्ष द्यावं इतपत डिप्रेशनची लक्षणं आणि १७ टक्के लोकांत मोठं डिप्रेशन निघालं. म्हणजे दर तिघांत एक. हे घरात कोणाचा दोष नाही, ना पेशंटचा ना सांभाळणाऱ्याचा.

आता रक्ताकडे येऊ. शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नाही तर आतड्यात बनतं. तिथून रक्तात आलं की प्लेटलेट पेशी ते गिळून साठवून ठेवतात. म्हणजे दंडाला पट्टा बांधून आपण जे काढतो ते आतड्यातून आलेलं आणि प्लेटलेटमध्ये भरून ठेवलेलं सेरोटोनिन. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते, तिला ब्लड ब्रेन बॅरिअर म्हणतात, सेरोटोनिन आणि डोपामिन दोन्ही त्यातून आरपार जात नाहीत. ही गाळणी नसती तर पार्किन्सन्सवर सरळ डोपामिनच दिलं असतं की, तसं होत नाही म्हणून तर लेव्होडोपा द्यावं लागतं, ते आत जातं आणि आत जाऊन त्याचं डोपामिन होतं. सिंडोपाच्या, म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीच्या, पाकिटावर कार्बिडोपा असं दुसरं नाव दिसतं ना, ते लेव्होडोपाचं डोपामिन बाहेरच्या बाहेर शरीरात होऊन वाया जाऊ नये म्हणून असतं.

यावरूनच कळेल की गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्तातलं डोपामिन मोजण्यात काय अर्थ आहे. सकाळी सातची गोळी घेऊन आठला रक्त दिलं तर एक आकडा येणार, दहाला दिलं तर दुसरा. लेव्होडोपा रक्तात दीडेक तासात निम्मं होतं. कोणी आयुर्वेदिक म्हणून खाजकुहिलीच्या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं चूर्ण घेत असेल तर त्यातही नैसर्गिक लेव्होडोपाच असतं, तेही आकड्यात मिसळणार. (हे चूर्ण चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगाच, बरेच जण लपवतात आणि डोसचा हिशेब चुकतो.)

सॅम्पलचं तर मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. सेरोटोनिनचं सॅम्पल फार नाजूक. रक्त नळीत घेतल्यावर ती हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, बर्फावर ठेवायची, वेळेत मशीनवर फिरवायची. नळी जोरात हलली किंवा उन्हात राहिली की प्लेटलेटमधलं सेरोटोनिन बाहेर सांडतं आणि प्लाझ्मामधला, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या पातळ भागातला, आकडा फुगतो. आता विचार करा, पार्किन्सन्सच्या माणसाचा हात थरथरतोय, सुई नीट लागत नाही, दोनदा टोचावं लागलं, आणि नळी कोणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत दुपारी दोन वाजता गावभर फिरून आली. त्या आकड्याला मी स्वतः मानत नाही, आणि मी हे काम पोटापाण्यासाठी केलेलं आहे.

अजून एक गोष्ट आहे, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिप्रेशनवर जी औषधं सगळ्यात जास्त दिली जातात, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे, ती प्लेटलेटमध्ये सेरोटोनिन शिरायची वाटच बंद करतात. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं सेरोटोनिन खूप खाली जातं. माणूस हसायला बोलायला लागलेला असतो आणि रिपोर्ट म्हणतो लो. अशा वेळी रिपोर्ट बघून घाबरून कोणी औषध बंद केलं तर केवढं नुकसान.

मग पार्किन्सन्सच्या डिप्रेशनवरच्या अभ्यासांत रक्त कशाला तपासतात असं विचाराल. काही अभ्यासांत डिप्रेशन असलेल्या पेशंटच्या गटाची सेरोटोनिनची सरासरी डिप्रेशन नसलेल्यांपेक्षा कमी निघालेली आहे, आणि आजार कसा होतो हे समजून घ्यायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ती सरासरी आहे. अ तुकडीची सरासरी ब तुकडीपेक्षा जास्त असली म्हणून एखाद्या मुलाचे मार्क बघून तो कुठल्या तुकडीतला हे सांगता येतं का? दोन्ही तुकड्यांत सत्तर टक्केवाली पोरं असतातच.

आणि पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी पडतं हे मुळात कळलं ते रक्तातून नाहीच. त्यात मुंबईचाही एक धागा आहे म्हणून सांगते. सर्पगंधा आपल्याकडची जुनी वनस्पती, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ती ब्लडप्रेशरवर चालते हे ब्रिटिश जर्नलमध्ये मांडलं आणि जगभर तिचा गवगवा झाला. तिच्यातून पुढे रेझर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं, आणि ते घेणाऱ्या काही लोकांना उदासी येते, काहींना पार्किन्सन्ससारखं अंग जखडतं असं दिसायला लागलं. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेझर्पिन दिलं, ससे ढिम्म झाले, लेव्होडोपा टोचल्यावर उठून हिंडायला लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी मरण पावलेल्या पार्किन्सन्स पेशंटच्या मेंदूचे भाग तपासले तेव्हा डोपामिन संपल्यात जमा आहे हे सिद्ध झालं. मेंदूत बघितलं तेव्हा कळलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

रिपोर्ट करून झाला असेल तर

फाइलला लावून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, पण त्यावर पुन्हा पैसे घालू नका आणि त्यावरून दुकानातून काही आणू नका. खास करून सेरोटोनिन वाढवणारे म्हणून ट्रिप्टोफॅन किंवा फाइव्ह एचटीपीचे डबे ऑनलाइन मिळतात ते मुळीच नको. पार्किन्सन्सच्या बऱ्याच पेशंटना रसाजिलीन किंवा सेलेजिलीन चालू असतं, त्यात डिप्रेशनची गोळी आणि वरून हे सप्लिमेंट, अशी गाठ पडली तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊन ताप, घाम, झटके, गोंधळ असा प्रकार होऊ शकतो. याच कारणासाठी रसाजिलीनवाल्यांनी खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप आणि दुखण्यावरची ट्रॅमाडॉलची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, सर्दीचं साधं औषध घेतानाही केमिस्टला सांगा की ही गोळी चालू आहे.

रक्ताच्या टेस्टचे पैसे असतील तर ते इथे घाला: थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन, सोडियम, शुगर, डॉक्टर म्हणाले तर व्हिटॅमिन डी. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त, उदास, मंद होतो आणि सगळं पार्किन्सन्सच्या खात्यावर जातं. बी१२ आपल्याकडे शाकाहारी घरात आधीच कमी, त्यात डायबिटीसची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी असेल तर आणखी कमी. अण्णांचं बी१२ दीडशेच्या खाली निघालं होतं. इंजेक्शनं दिल्यावर थकवा बराच कमी झाला, उदासी मात्र तेवढ्याने गेली नाही. या टेस्टनी डिप्रेशन सिद्ध होत नाही, त्या फक्त डिप्रेशनसारखं दिसणारं दुसरं काही नाही ना एवढं बघतात.

हात नको म्हणतोय की मन

पार्किन्सन्समध्ये डिप्रेशन ओळखणं अवघड का, तर दोन्हीची लक्षणं एकमेकांत मिसळतात. चेहऱ्याचे स्नायू आखडल्यामुळे चेहरा कोरा दिसतो, आवाज बारीक होतो, झोप मोडते, वजन उतरतं, सगळं हळू होतं. डिप्रेशन नसलेला पार्किन्सन्सचा माणूससुद्धा बाहेरून उदास दिसू शकतो, आणि खरंच खचलेल्या माणसाला आपण "आजारामुळे तसं दिसतं" म्हणून सोडून देतो.

आमच्या घरी रेडिओवरून उलगडा झाला. अण्णांना सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागायच्या म्हणजे लागायच्याच, चहाचा कप आणि तो जुना रेडिओ, बातम्या संपेपर्यंत आईनेही बोलायचं नाही असा नियम. एक दिवस रेडिओ बंद. दुसऱ्या दिवशी पण बंद. आई म्हणाली बटण फिरवता येत नाही त्यांना, बोटं घसरतात, म्हणून तिने स्वतः उठून लावून दिला. अण्णा म्हणाले, "बंद कर गं, काय ऐकायचंय त्यात." आई मला फोनवर हे सहज सांगत होती आणि मी तिकडे लॅबमध्ये हातातलं काम सोडून खाली बसले.

हीच युक्ती मी सगळ्यांना सांगते. माणसाने एखादी आवडीची गोष्ट सोडली असेल तर त्यातली हाताची अडचण तुम्ही काढून द्या आणि मग बघा. पेपर धरता येत नाही तर तुम्ही वाचून दाखवा. पत्ते पिसता येत नाहीत तर तुम्ही पिसा. कुकरची शिटी काढता येत नाही म्हणून स्वयंपाकघरात न जाणाऱ्या आईला खुर्ची टाकून मटार सोलायला बसवा. अडचण काढल्यावर माणूस रमला तर हात नको म्हणत होता. अडचण काढूनही "नको, ठेव, काय करायचंय" असं आलं तर मन नको म्हणतंय, आणि हे दोन आठवडे बहुतेक दिवस चाललं तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली.

एक तिसरा प्रकारही आहे, त्याला अ‍ॅपथी म्हणतात, म्हणजे उत्साहच नसणं. त्यात माणूस दुःखी नसतो, त्याला अपराधी वाटत नाही, रडू येत नाही, तुम्ही ओढून नेलं तर येतो आणि बसतो सुद्धा, फक्त स्वतःहून काही सुरू करत नाही. डिप्रेशनमधला माणूस बहुतेक वेळा मनातून दुःखी असतो: मी ओझं झालोय, माझ्यामुळे तुमचं आयुष्य अडकलं, आता कशात राम नाही, अशी वाक्यं येतात. दोन्ही एकत्रही असतात. पण डॉक्टरांना हा फरक सांगितला तर उपचार ठरवायला फार उपयोग होतो, कारण अ‍ॅपथीवर डिप्रेशनच्या गोळ्या फारशा चालत नाहीत.

दोन आठवड्यांची वही

हे काम कंटाळवाणं आहे पण रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा याने जास्त कळतं, म्हणून मनापासून सांगते, करा. साधी शंभर पानी वही घ्या. पानावर उभ्या रेघा मारा: वेळ, गोळी, खाणं, हालचाल कशी, मूड दहापैकी किती. मूडचा आकडा तुम्ही ठरवायचा नाही, त्यांना विचारायचा, "अण्णा, आत्ता मनाला दहापैकी किती?" एवढंच. सकाळी उठल्यावर, प्रत्येक गोळीच्या आधी, गोळीनंतर तासाभराने आणि झोपताना.

अण्णांची गोळी सातला, अकराला, तीनला आणि साडेसातला होती. चौथ्या पाचव्या दिवशी वहीत बघता बघता माझ्या लक्षात आलं की सव्वादहाला आणि सव्वादोनला मूड दोनवर येतोय, घाबरल्यासारखं होतं, छातीत धडधडतं, "मला इथून घेऊन जा" म्हणतात, आणि गोळीनंतर पाऊणएक तासाने पाचवर. हे म्हणजे गोळी उतरल्यावर येणारी उदासी. लेव्होडोपाचा असर संपला की नुसते पाय अडकत नाहीत, मनही खाली जातं, कधी कधी पाय अडकायच्या आधीच. याचा इलाज डिप्रेशनची गोळी नाही, गोळ्यांची वेळ बदलणं आहे. डॉक्टरांनी वही बघितली, अंतर चार तासांवरून सव्वातीन तासांवर आणलं आणि जेवणाच्या आधी किमान अर्धा तास गोळी घ्यायला लावली, कारण डाळ, दूध, अंडी यातली प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात. त्या घाबऱ्या होणाऱ्या वेळा जवळजवळ बंद झाल्या. पण गोळी पूर्ण चढलेली असतानाही मूड पाचच्या वर जात नव्हता, रेडिओ बंदच होता, पहाटे साडेतीनला जाग येऊन छताकडे बघत पडणं चालूच होतं. ते जे उरलं ते डिप्रेशन. वही नसती तर हे दोन धागे आम्हाला कधीच सुटे करता आले नसते.

वहीच्या शेवटी जीडीएस १५ नावाची प्रश्नावली करून घ्या. वयस्कर लोकांसाठीची आहे, पंधरा प्रश्न, उत्तरं फक्त हो किंवा नाही, आणि त्यात झोप, भूक, हळू होणं असे शरीराचे प्रश्न जवळजवळ नाहीतच त्यामुळे पार्किन्सन्सवाल्यांना बरी पडते. गोळी चढलेली असताना, शांतपणे, शक्यतो एकट्याने विचारा, कारण आमचे अण्णा आईसमोर सगळ्याला "छान चाललंय" म्हणायचे. पाच किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं. हे निदान नाही, दार वाजवणं आहे.

औषधांचा डबा उघडा

डॉक्टरकडे जायच्या आधी घरातला औषधांचा डबा टेबलावर उपडा करा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, कारण वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वर्षी दिलेल्या गोळ्या तशाच चालू असतात. अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांत पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. हे डोपामिनच्या विरुद्ध काम करतं, पार्किन्सन्स वाढवतं, आणि पार्किन्सन्स नसलेल्यालाही तसा त्रास आणू शकतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठीचं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन हीही त्याच रांगेतली, त्यात फ्लुनारिझिनने उदासीही येते. उलटीसाठी पार्किन्सन्समध्ये डॉक्टर बहुतेक वेळा डॉमपेरिडोन देतात. अण्णांच्या डब्यात लेव्होसल्पिराइडवाली अ‍ॅसिडिटीची गोळी अकरा महिने चालू होती, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्यासुद्धा नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आपण होऊन काही बंद करायचं नाही, यादी करून न्यायची. सिंडोपा तर एक दिवससुद्धा अचानक बंद करायची नाही, अंग कडक होऊन ताप येऊन जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरसमोर काय मागायचं

ओपीडीत पाचसात मिनिटं मिळतात आणि ती बहुतेक थरथर आणि चालणं यातच जातात, मनाचं कोणी विचारत नाही. म्हणून पहिलंच वाक्य मनाचं बोला: "डॉक्टर, आज आम्ही मूडसाठी आलोय." वही, यादी, जीडीएसचा आकडा पुढे ठेवा. न्यूरॉलॉजिस्ट स्वतः औषध देतील नाहीतर सायकियाट्रिस्टकडे पाठवतील. सायकियाट्रिस्ट म्हटलं की घरात अजूनही "आमच्या बाबांना वेड लागलंय का" सुरू होतं, त्यावर मी एवढंच म्हणते की साखर वाढली की आपण शुगरच्या डॉक्टरकडे जातोच ना.

उपचारांबद्दल थोडं, मी डॉक्टर नाही हे धरून वाचा. सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्या, व्हेन्लाफॅक्सिन, नॉरट्रिप्टिलीन असे पर्याय असतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन नकली गोळीपेक्षा खरंच जास्त काम करतात हे पार्किन्सन्सच्याच पेशंटवर घेतलेल्या २०१२ च्या चाचणीत दिसलंय. असर यायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडू नका. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी सोडियम उतरतं, त्यामुळे सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सोडियम तपासायला सांगतात का ते विचारा, आणि मध्येच गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, मळमळ दिसली तर वाट न बघता तपासा. हा रक्ताचा आकडा मात्र खरोखर कामाचा. नॉरट्रिप्टिलीनने उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. प्रॅमिपेक्सोल हे पार्किन्सन्सचं औषध काहींना मूडसाठीही उपयोगी पडतं, पण त्याने काही लोकांना आवर घालता येत नाही अशी ओढ लागते: ऑनलाइन रमी, खरेदी, खा खा. घरच्यांनी बँकेच्या मेसेजवर लक्ष ठेवायचं आणि काही दिसलं तर ओरडायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा, कारण तो माणसाचा स्वभाव नसतो, औषधाचा परिणाम असतो.

गोळीशिवायही बरंच होतं. २०११ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत ८० पेशंटवर कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपीची, म्हणजे बोलण्यातून विचार आणि सवयी बदलायच्या उपचाराची, चाचणी झाली, दहा आठवडे, आणि त्यात घरच्या माणसालाही थोडं शिकवलं होतं, फरक चांगला पडला. रोजचं चालणं, व्यायाम, आणि आपल्यासारखेच दुसरे लोक भेटणं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, तिथे नेऊन बघा. अण्णा पहिल्या वेळी दारातून परत फिरले होते. दुसऱ्या वेळी त्यांच्याच वयाच्या एका गृहस्थांनी थरथरत्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे केला, अर्धं पाणी दोघांच्या शर्टावर सांडलं, आणि मग दोघं तासभर बोलत बसले.

हे मात्र थेट विचारा

"जगून काय करायचंय", "देवाने आता न्यावं" हे आपल्याकडे म्हातारी माणसं सहज बोलतात म्हणून आपण कानाआड करतो. करू नका. बाजूला बसा आणि सरळ विचारा, "अण्णा, स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलल्याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाले, किंवा गोळ्या साठवलेल्या सापडल्या, कागदपत्रं अचानक आवरायला घेतली, तर त्या दिवशी त्यांना एकटं ठेवायचं नाही, गोळ्या आणि घरातली कीटकनाशकं कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्री अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीवाला लगेच धोका वाटत असेल तर सरळ ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल. सांभाळणाऱ्याचं स्वतःचं मन बसलं असेल तरी १४४१६ चालतो, आईने एकदा तिच्यासाठी लावला होता.

औषध सुरू झालं की वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाका, तिथून चौथ्या आठवड्यासमोर सोडियम आणि सहाव्या आठवड्यासमोर जीडीएस असं लिहून ठेवा. अण्णांचा आधीचा आकडा अकरा होता, सहा आठवड्यांनी सात, चार महिन्यांनी चार. रेडिओ आईच लावते, बटण अजूनही त्यांना फिरवता येत नाही, पण बातम्या सुरू असताना कोणी बोललं तर हात वर करून गप्प करतात.